नोंदवहीतला रक्तदाब : सेवाग्रामच्या दवाखान्याची वाटचाल

धामणगाव, चांदूर रेल्वे, तिवसा या पट्ट्यात कुणाचं दुखणं हाताबाहेर जायला लागलं की घरात दोनच नावं निघतात. एक अमरावतीचं, दुसरं सेवाग्रामचं. वर्धा नदी ही अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांची शीव. पुलगावचा पूल ओलांडला की वऱ्हाड मागे पडतं, पण दवाखान्याच्या बाबतीत ही शीव कुणी कधी मानली नाही. अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्याहून वर्ध्याकडे जाणाऱ्या गाडीत प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे आणि कागद सांभाळत बसलेली माणसं कायम दिसतात. कुठे निघालात म्हणून विचारलं तर 'सेवाग्रामच्या दवाखान्यात' एवढंच उत्तर येतं. कस्तुरबा रुग्णालय, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था ही नावं पाटीवरची.

साप चावला, फवारणीत विषबाधा झाली, बाळंतीण अडली, की सेवाग्राम गाठायचं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मला या संस्थेची एक कमी बोलली गेलेली बाजू मांडायची आहे, ती रक्तदाबाची. उच्च रक्तदाबावरचं संशोधन म्हटलं की डोळ्यांपुढे प्रयोगशाळा येते, नवी गोळी येते. सेवाग्रामच्या आठ दशकांकडे पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की या आजारातलं खरं काम नोंदवहीचं आहे. माणसाचा आकडा मोजायचा, लिहायचा, महिन्याभराने तोच माणूस गाठून पुन्हा मोजायचा. हे काम दिसायला कंटाळवाणं आहे. लकवा आणि अटॅक थोपवण्याची ताकद मात्र त्यातच आहे.

या नोंदवहीतला पहिला रुग्ण साऱ्या जगाला माहीत आहे. डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींची प्रकृती एकाएकी ढासळली. रक्तदाब वाढलेला निघाला आणि डॉक्टरांनी त्यांना सक्तीने विश्रांती घ्यायला लावली. पुढच्या एप्रिलअखेर ते शेगावात राहायला गेले. त्याच शेगावचं पुढे सेवाग्राम झालं. त्यांच्या प्रकृतीचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय गांधी संग्रहालयात जपलेले आहेत. गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने २०१९ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने (आयसीएमआर) आपल्या नियतकालिकाचा विशेषांक काढून त्यातले तपशील प्रसिद्ध केले. २६ ऑक्टोबर १९३७, रात्री अकरा वाजता : १९४/१३०. १९ फेब्रुवारी १९४०, सकाळी आठ वाजता : २२०/११०. आज कुठल्याही ओपीडीत हे आकडे दिसले तर डॉक्टर पेशंटला उठू देणार नाहीत. त्याच कागदांत त्यांचं वजन आहे ४६.७ किलो आणि उंची पाच फूट पाच इंच.

हा माणूस मोजकं खायचा, तंबाखू आणि दारूपासून दूर होता, रोज मैलोनमैल चालायचा. अंगावर चरबी नव्हती. तरी रक्तदाब २२० पर्यंत गेला. वऱ्हाडातल्या सडपातळ शेतकऱ्याला बीपी मोजून घे म्हटलं तर तो म्हणतो, "मले कायची बीपी? दिवसभर वावरात राबतो मी." बीपी हे गादीवर बसणाऱ्या जाड माणसाचं दुखणं, हा समज इतका पक्का आहे की तो मोडायला गांधीजींच्या आकड्यांइतकं दुसरं काही कामाला येणार नाही. वय, घराण्यातून आलेला कल, मिठाचं प्रमाण, मनावरचा ताण, मूत्रपिंडाची अवस्था, अशा अनेक कारणांनी रक्तदाब वाढतो. वजन हे त्यातलं एक.

त्या काळी उपाय काय होते? फार थोडे. विश्रांती, मौन, डोक्यावर मातीची पट्टी, आहारात बदल. १९३१ मध्ये अमेरिकेतले थोर हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी लिहून ठेवलं होतं की वाढलेला रक्तदाब ही कदाचित शरीराने स्वतःच केलेली सोय असेल आणि तिला हात लावू नये. हे मत साऱ्या जगात चाललं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदला गेला. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाच्या डॉक्टरांजवळही त्यावर धड औषध नव्हतं.

पहिलं चांगलं औषध भारतातून पुढे आलं, आणि त्याचा धागा मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत जातो. गांधीजींवर उपचार करणारे डॉ. जीवराज मेहता हेच त्या रुग्णालयाच्या कॉलेजचे पहिले डीन. तिथले डॉ. रुस्तम वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबाच्या रुग्णांवर पद्धतशीर प्रयोग केला आणि १९४९ मध्ये त्याचे निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आणले. आपल्या वैद्यांना ही मुळी जुनी ओळखीची. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या गुणांवर १९३१ मध्येच लिहिलं होतं. वकिलांनी केलं ते हे, की रुग्ण मोजून घेतले, रक्तदाब आठवड्यामागून आठवडे लिहिला आणि जगाला पटेल अशा रीतीने मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीने त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे रेसर्पिन मागे पडलं, कारण काही रुग्णांना त्याने खोल उदासी येत असे. पण एक गोष्ट त्याने सिद्ध केली : रक्तदाब औषधाने उतरवता येतो.

आता सेवाग्रामकडे. डॉ. सुशीला नायर दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात शिकलेल्या, भाऊ प्यारेलाल यांच्यामागोमाग आश्रमात आल्या. वर्ध्याच्या परिसरात पटकीची साथ आली तेव्हा तिशीच्या आतली ही डॉक्टर साथीत उतरली. गांधीजींच्या प्रकृतीची जबाबदारी तिच्याकडे आली. १९४२ नंतर आगाखान महालातल्या कैदेत ती त्यांच्यासोबत होती. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा तिथेच गेल्या. त्यांच्या नावाने सेवाग्रामात दवाखाना सुरू झाला तो बिर्लांच्या अतिथिगृहात, बायका आणि मुलांसाठी. पुढे सुशीलाताईंनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं. १९६२ ते १९६७ त्या देशाच्या आरोग्यमंत्री होत्या. मंत्रिपद गेल्यावर दिल्लीत राहण्याची सोय त्यांना होती. त्या सेवाग्रामला परतल्या आणि १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी खेड्यात वैद्यकीय महाविद्यालय काढलं, तीच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था. देशातलं खेड्यातलं हे पहिलं वैद्यकीय महाविद्यालय. पहिल्या तुकडीत ६० विद्यार्थी होते. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा, पाव राज्याचा आणि पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटीचा, अशी व्यवस्था ठरली.

योगायोग असा की त्याच १९६९ मध्ये मुंबईत केईएमच्या डॉ. के. के. दाते यांनी आपल्या सहकाऱ्यांसह शवासनावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दाते हे महाराष्ट्रातल्या रक्तदाब आणि हृदयरोगाच्या संशोधनातलं मोठं नाव. त्यांनी ४७ रुग्णांना शवासन शिकवलं, रोज करायला लावलं आणि रक्तदाब नोंदत गेले. जवळपास निम्म्यांना लक्षात येण्याजोगा फायदा झाला. काहींच्या गोळ्या कमी करता आल्या. आजच्या कसोटीला हा लहान अभ्यास वाटेल. त्याचा बाणा मला महत्त्वाचा वाटतो. योगाबद्दल बोलणारे तेव्हाही खूप होते, पण रुग्णाच्या दंडाला पट्टा बांधून आकडा लिहिणारे थोडे होते.

सेवाग्रामच्या नव्या कॉलेजाचं वेगळेपण त्याच्या रिवाजांत होतं. विद्यार्थी आला की पहिले पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात काढायचे, खादी घालायची, श्रमदान करायचं. प्रवेशपरीक्षेत गांधीविचाराचा पेपर असायचा. प्रत्येक तुकडीला एक गाव दत्तक. विद्यार्थ्यांनी त्या गावात शिबिराला राहायचं, वाट्याला आलेल्या कुटुंबांची घरं पाहायची, वजन-उंची-रक्तदाब मोजायचे आणि नंतरच्या वर्षांतही त्याच कुटुंबांकडे जात राहायचं. कुणाला यात नुसतं साधेपणाचं व्रत दिसेल. मला त्यात वैद्यकातली एक मोठी शिस्त दिसते. दवाखान्यात येतो तो रुग्ण. गावात असतात ती माणसं, त्यांतली बरीच आजारी असून त्यांना पत्ता नाही. रक्तदाब दुखत नाही, ताप आणत नाही. तो शोधायचा तर घरी जावं लागतं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून पाच हजारांवर माणसांची वर्षानुवर्षं तपासणी झाली, तिच्यातूनच वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचं हृदयविकाराशी असलेलं नातं जगाला कळलं. त्या अभ्यासाचाही पाया एकच होता, तीच माणसं पुन्हा पुन्हा तपासणं.

गावात जाऊन आजार सापडला, पण उपचाराचे पैसे? इथे मेडिसिन विभागाच्या डॉ. उल्हास जाजूंनी १९८० च्या आसपास उभी केलेली ज्वारीची विमा योजना येते. शेतकऱ्याजवळ वर्षभर रोकड नसते, पण सुगीत धान्य असतं. म्हणून वर्गणी ज्वारीत. भूमिहीनाने थोडी द्यायची, जमीनवाल्याने जमिनीच्या मानाने जास्त. गावातली ७५ टक्के घरं सामील झाली तरच गाव योजनेत. ही शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते, कारण तिच्यामुळे आजारी पडलेलीच माणसं विमा काढतात आणि धडधाकट बाहेर राहतात, हा विम्याचा नेहमीचा रोग टळतो. गावाला आपसांत बोलावं लागतं, शेजाऱ्याला पटवावं लागतं. गोळा झालेल्या ज्वारीच्या बळावर गावातल्या आरोग्यसेवकाचा खर्च निघे आणि दुखणं आलं तर सेवाग्रामला उपचार मिळत.

ज्वारीचा विषय निघाला म्हणून सांगतो. ही योजना सुरू झाली तेव्हा वर्धेच्या दोन्ही काठांवर ज्वारी हे घरचं पीक होतं. नव्वदीनंतर सोयाबीन आलं आणि अमरावती-अकोल्याच्या शिवारांतली ज्वारी झपाट्याने आटली. ताटातली भाकरी गेली, पोळी आणि रेशनचा तांदूळ आला. त्याच काळात पाकिटातलं खारं खाणं टपरीटपरीवर पोचलं. लोणची, पापड, सांडगे, खारवलेल्या मिरच्या तर आपल्याकडे आधीपासूनच होत्या. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. भारतीय माणूस त्याच्या दुपटीच्या आसपास खातो. त्यात वऱ्हाडात खर्रा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा पदार्थ कॉलेजातल्या पोरांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांच्या खिशात असतो, आणि तंबाखू चघळली की नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढतात, हे कुणी कुणाला सांगत नाही.

पुढच्या काळात सेवाग्रामच्या सामाजिक वैद्यक विभागाने आंजी आणि आसपासच्या गावांत बरंच मोजमाप केलं. डॉ. प्रदीप देशमुख, डॉ. बी. एस. गर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्ध्याच्या ग्रामीण भागातल्या स्त्रीपुरुषांची उंची, वजन, कंबरेचा घेर आणि रक्तदाब यांचा परस्परसंबंध तपासून २००६ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये मांडला. वजन आणि कंबर वाढेल तसा रक्तदाब वाढतो, हे खेड्यातल्या काटक दिसणाऱ्या माणसांतही खरं ठरलं.

पण रक्तदाबाच्या संशोधनात सेवाग्रामचं ज्या कामासाठी नाव घ्यावं ते माझ्या मते गर्भवतींचं आहे. हा दवाखाना मुळात बायकांसाठी निघाला होता. गावातल्या बाईच्या दंडाला आयुष्यात पहिल्यांदा पट्टा बांधला जातो तो बहुधा दिवस गेल्यावरच. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० च्या वर गेला, लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, पायांवर आणि तोंडावर सूज आली, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर धोक्याची वेळ. नंतर झटके येतात. घरचे म्हणतात 'वात झाला', भगताकडे नेतात, आणि त्या काही तासांत आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात.

डॉ. शकुंतला छाबडा यांनी सेवाग्रामच्या स्त्रीरोग विभागात दीर्घकाळ काम केलं. गर्भारपणातल्या रक्तदाबाने होणारे मातामृत्यू, झटके येऊन झालेले आणि झटक्यांवाचून झालेले, हा त्यांच्या अभ्यासाचा एक मोठा विषय राहिला. मातामृत्यूचा अभ्यास करणं अवघड असतं. प्रत्येक मृत्यूमागे जाऊन विचारावं लागतं : पहिली तपासणी कधी झाली, रक्तदाब मोजला होता का, मोजला तर लिहिला का, लिहिला तर कुणी वाचला, गाडी किती वेळाने मिळाली. उत्तरं बहुतेकदा वैद्यकशास्त्राच्या अज्ञानाकडे बोट दाखवत नाहीत. औषध माहीत असतं. मॅग्नेशियम सल्फेट हे झटक्यांवरचं साधं, स्वस्त औषध. ते धोक्याच्या वेळीच दिलं तर झटके येण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास घटतं, हे २००२ मध्ये अनेक देशांतल्या सुमारे दहा हजार बायकांवरच्या मॅगपाय अभ्यासाने दाखवून दिलं आहे. उणीव असते ती आकडा वेळेवर लिहिण्याची आणि लिहिलेल्या आकड्यावर कुणीतरी हलण्याची.

याच कामाने छाबडाबाईंना आपल्या अमरावती जिल्ह्यात आणलं. मेळघाटात धारणी तालुक्यातल्या उतावलीला डॉ. सुशीला नायर यांच्या नावाचं रुग्णालय उभं राहिलं आणि निवृत्तीच्या वयानंतरही त्या त्याच्याशी जोडलेल्या राहिल्या. धारणी ते अमरावती हे अंतर दीडशेच्या आसपास किलोमीटर, मध्ये घाट आणि व्याघ्रप्रकल्पाचं जंगल. पावसाळ्यात नाला चढला की रस्ता बंद. कोरकू घरातल्या पहिलटकरणीचा रक्तदाब १६० ला गेला असेल तर तिला अमरावतीच्या डफरीन रुग्णालयात पाठवणं कागदावर सोपं असतं. जवळ उपचार असणं, आणि आठवा महिना लागण्याआधीच कुणाचा रक्तदाब चढतोय हे माहीत असणं, यावर तिचा जीव ठरतो.

उतावलीलाच डॉ. आशिष आणि डॉ. कविता सातव यांच्या 'महान' संस्थेचं महात्मा गांधी आदिवासी रुग्णालय आहे. नव्वदीच्या अखेरीस हे दांपत्य मेळघाटात आलं. घरोघरी जाणाऱ्या गावातल्याच आरोग्यसेविकांनी बालमृत्यू कमी करता येतात, हे त्यांनी चाचणी करून दाखवलं आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये 'बीएमजे ग्लोबल हेल्थ'मध्ये आले. मेळघाट म्हटलं की आपल्याला कुपोषित बाळच आठवतं. सातवांनी कमावत्या वयातल्या माणसांच्या मृत्यूंचीही दखल घेतली, हे मला तितकंच मोलाचं वाटतं. चाळिशीतला बाप गेला तर त्या घरातलं मूल उपाशी राहणारच.

गर्भारपणातल्या रक्तदाबाची आणखी एक गोष्ट आपल्या घरांत पोचलेली नाही. ज्या बाईला त्या काळात रक्तदाबाचा त्रास झाला, तिला पुढच्या आयुष्यात उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि लकव्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. बाळंतपण नीट पार पडलं की सासर-माहेर निश्चिंत होतं, बाईही विसरते. तिच्या कार्डावरचा तो आकडा मात्र पुढच्या तीस वर्षांची सूचना देऊन गेलेला असतो. अशा बाईने दर वर्षी रक्तदाब मोजावा, हे बाळंतपणाचा कागद देतानाच सांगितलं पाहिजे.

लकव्याचा विषय निघाला की गडचिरोलीकडे पाहावं लागतं. डॉ. राणी बंग आणि वर्ध्यात वाढलेले डॉ. अभय बंग यांची 'सर्च' ही संस्था १९८६ पासून तिथे आहे. डॉ. अभय बंगांना स्वतःला ऐन चव्वेचाळिशीत हृदयविकाराचा झटका आला. त्यावरच्या त्यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकाने मराठी घरांत या आजाराबद्दल जितकं बोलणं घडवलं तितकं दुसऱ्या कशाने घडवलं नसेल. 'सर्च'मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. २०११ ते २०१३ या काळातल्या १५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याने झालेले निघाले, म्हणजे शंभरात चौदा. त्या गावांतलं मृत्यूचं ते पहिल्या क्रमांकाचं कारण होतं. मलेरियाच्या आणि कुपोषणाच्या जिल्ह्यात ही अवस्था असेल, तर सुपीक आणि सुखवस्तू समजल्या जाणाऱ्या वऱ्हाडाची अवस्था काय असेल, हा प्रश्न आपण विचारलेला नाही.

मोजून लिहिण्याचं हे काम सरकारी यंत्रणेने हाती घेतलं ते अलीकडे. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर, जागतिक आरोग्य संघटना आणि राज्य सरकारांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात निवडले गेले. त्याची रीत अगदी साधी. डॉक्टरागणिक वेगळं औषध नाही. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांसारख्या ठरलेल्या दोन-तीन स्वस्त गोळ्या ठरलेल्या क्रमाने. एका वेळी महिन्याच्या गोळ्या, त्याही घराजवळच्या उपकेंद्रातून. डॉक्टर नसेल तर नर्सताई रक्तदाब मोजते आणि नोंदवते. प्रत्येकाचं नाव यादीत, आणि महिना उलटूनही जो आला नाही त्याच्या घरी आशाताईचा फोन किंवा फेरी. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने या कामाचा गौरव झाला.

या उपक्रमातला खरा अडथळा कोणता, ते आपल्याकडच्या कुठल्याही उपकेंद्राच्या ओट्यावर कळतं. "आता काईच होत नाई ना, मंग काहून खाऊ गोळी?" हे वाक्य म्हाताऱ्यांपासून मास्तरांपर्यंत सगळे बोलतात. गोळीने आकडा खाली आला की गोळी बंद, आणि मग एका सकाळी तोंड वाकडं झालेलं, हात उचलत नाही. बीपीची गोळी विहिरीवरच्या मोटारीसारखी आहे, चालू आहे तोवरच पाणी येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात उच्च रक्तदाबाची १८ कोटींहून जास्त प्रौढ माणसं आहेत. त्यांतल्या जेमतेम ३७ टक्क्यांना आजाराचा पत्ता लागलेला आहे, ३० टक्क्यांवर उपचार चालू आहेत आणि फक्त १५ टक्क्यांचा रक्तदाब आटोक्यात आहे.

डॉ. सुशीला नायर ३ जानेवारी २००१ रोजी सेवाग्रामलाच गेल्या. त्यांनी लावलेली शिस्त आता नदीच्या अलीकडे, आमच्या बाजूला रुजायला हवी. आपल्याकडे काही कमी नाही. अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्थेचं डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आहे. अकोल्याचं शासकीय महाविद्यालय २००२ पासून, आणि अमरावतीचं नवं शासकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं. या तिन्ही कॉलेजांच्या दारात असा एक संशोधनाचा विषय उभा आहे, जो जगात फार थोड्या ठिकाणी मिळेल. तो म्हणजे पूर्णा नदीचा खारपाणपट्टा. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या भागातली शेकडो गावं पिढ्यान्‌पिढ्या खारं भूजल पीत आली. मूत्रपिंडाच्या तक्रारी तिथे घरोघरी ऐकू येतात. बांगलादेशाच्या किनारपट्टीवर खाऱ्या पिण्याच्या पाण्याचा गर्भवतींच्या आणि इतरांच्या रक्तदाबाशी संबंध असल्याचं अभ्यासांतून दिसलं आहे. आपल्याकडे वानच्या धरणाचं गोडं पाणी नळाने काही गावांना पोचलं, काही गावं अजून बोअरवर आहेत. एकाच तालुक्यातली ही दोन प्रकारची गावं निवडावीत, प्रत्येक तुकडीला एक गाव दत्तक द्यावं, मीठ, पाणी, मूत्रपिंड आणि रक्तदाब दहा वर्षं मोजावे. याला परदेशी यंत्रं लागत नाहीत. पट्टा, लघवीची तपासणी, वही आणि दर वर्षी त्याच घरी परत जाणारे विद्यार्थी लागतात. अमरावती आणि अकोल्याच्या प्राध्यापकांनी हे काम हाती घ्यावं, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

आणि हे वाचणाऱ्या वऱ्हाडातल्या प्रत्येकाला एवढंच सांगणं : तिशी ओलांडलेल्या माणसाचा रक्तदाब सरकारी उपकेंद्रात फुकट मोजून मिळतो. या आठवड्यात स्वतः जा, सोबत घरातल्या बाईलाही न्या, आकडा लिहून घ्या. १४०/९० च्या वर निघाला तर पुन्हा मोजा, गोळी लागली तर घ्या, आणि डॉक्टर सांगेपर्यंत ती बंद करू नका.